फाशीपूर्वीचा ‘स्टे’ : आंतरराष्ट्रीय न्यायालयांचे अंतरिम संरक्षक आदेश

आपल्या कोकणात कोर्टाची भाषा कोणाला शिकवावी लागत नाही. भाऊबंदकीतील जमिनीचा दावा उभा राहिला, की पहिला प्रश्न असतो, ‘स्टे मिळाला का?’ मूळ दाव्याच्या निकालाला कितीही वर्षे लागोत. तोवर माड तोडले जाऊ नयेत, घर पाडले जाऊ नये, एवढी तरतूद न्यायाधीश आधी करून ठेवतात. स्टे मिळाला म्हणजे दावा जिंकला असे होत नाही, हेही सर्व जाणतात. हीच गोष्ट राष्ट्राराष्ट्रांतील न्यायालयांत घडते, तेव्हा तिला अंतरिम संरक्षक आदेश म्हणतात. तेथे मात्र पुष्कळदा माणसाचा जीवच पणाला लागलेला असतो.

मराठी वाचकांना या आदेशाची खरी ओळख झाली ती मे २०१७ मध्ये. सांगलीत जन्मलेले, भारतीय नौदलाचे निवृत्त अधिकारी कुलभूषण जाधव यांना मार्च २०१६ मध्ये पाकिस्तानने ताब्यात घेतले. त्यांना बलुचिस्तानात हेरगिरी करताना पकडले असे पाकिस्तानचे म्हणणे. इराणमधून त्यांचे अपहरण झाले असे भारताचे म्हणणे. १० एप्रिल २०१७ रोजी लष्करी न्यायालयाने त्यांना फाशीची शिक्षा ठोठावल्याचे जाहीर झाले. तोपर्यंत भारताने वारंवार मागणी करूनही आपल्या वकिलातीच्या एकाही अधिकाऱ्याला त्यांची भेट मिळाली नव्हती.

८ मे २०१७ रोजी भारताने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात अर्ज केला. दुसऱ्याच दिवशी न्यायालयाचे तत्कालीन अध्यक्ष रॉनी अब्राहम यांनी पाकिस्तानला पत्र पाठवून सूचित केले, की न्यायालय पुढे जो आदेश देईल तो निरर्थक ठरेल असे काही मध्यंतरी करू नये. १५ मे रोजी सुनावणी झाली. नागपूरचे ज्येष्ठ विधिज्ञ हरीश साळवे यांनी अवघा एक रुपया मानधन घेऊन भारताची बाजू मांडली. १८ मे रोजी न्यायालयाने एकमताने आदेश दिला : अंतिम निकाल लागेपर्यंत जाधव यांना फाशी दिली जाणार नाही यासाठी पाकिस्तानने आपल्या हाती असलेले सर्व उपाय योजावेत. अर्जापासून आदेशापर्यंत केवळ दहा दिवस लागले.

असा आदेश देताना न्यायाधीश कोणत्या गोष्टी पाहतात? पहिली, वाद ऐकण्याचा अधिकार आपल्याला आहे असे प्रथमदर्शनी दिसते काय. वकिलातीच्या संबंधांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराला जोडलेला एक पुरवणी करार दोन्ही देशांनी स्वीकारलेला होता. त्या दारातून भारताला हेगमध्ये प्रवेश मिळाला. दुसरी, मागितलेला हक्क वरकरणी तरी खरा वाटतो काय, आणि मागितलेल्या संरक्षणाचा त्या हक्काशी संबंध आहे काय. तिसरी, कधीही भरून न येणारी हानी होण्याचा धोका आहे काय, आणि तो जवळ आला आहे काय. ऑगस्ट २०१७ पूर्वी बहुधा फाशी होणार नाही, मग घाई कशाची, असा पाकिस्तानचा युक्तिवाद होता. न्यायालयाने त्याच उत्तरातून उलट अर्थ काढला : म्हणजे ऑगस्टनंतर कोणत्याही क्षणी ती होऊ शकते! जाधव हेर होते की नव्हते, या प्रश्नाला न्यायालयाने हातही लावला नाही.

दानिएलच्या ग्रंथाच्या १३ व्या अध्यायातील सुसान्नेची कथा आपण प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या सोमवारी मिस्साबलिदानात ऐकतो. दोन वडीलधाऱ्यांच्या खोट्या साक्षीवरून तिला मृत्युदंड झालेला असतो, लोक तिला घेऊन निघालेले असतात, आणि तरुण दानिएल मध्येच उभा राहून सर्वांना न्यायासनाकडे परत फिरवितो. मग तो दोघा साक्षीदारांना वेगळे करून झाडाचे नाव विचारतो, आणि दोघांची उत्तरे जुळत नाहीत. फेरतपासणी नंतरची, आधी पावले थांबली हे महत्त्वाचे. सुसान्ना निर्दोष ठरली ती तपासणीमुळे, पण ती तपासणी शक्य झाली कारण तोवर ती जिवंत होती.

पावले न थांबल्यास काय होते, हे वॉल्टर लाग्रांद या जर्मन नागरिकाच्या प्रकरणात दिसले. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात त्याला व त्याच्या भावाला मृत्युदंड झाला होता. जर्मन वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क दोघांनाही वेळेवर सांगितला गेला नव्हता. भावाला २४ फेब्रुवारी १९९९ रोजी मारण्यात आले. २ मार्चला जर्मनी हेगला गेली, ३ मार्चला न्यायालयाने सुनावणीही न घेता स्थगितीचा आदेश दिला, आणि त्याच दिवशी वॉल्टरलाही मृत्युदंड देण्यात आला. असा आदेश बंधनकारक नाही, अशी भूमिका अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी त्यांच्या सर्वोच्च न्यायालयापुढे घेतली होती. घटनेतील शब्द ‘सुचविणे’ असा होता, आणि त्या एका क्रियापदावर एका माणसाचे आयुष्य तोलले गेले. २७ जून २००१ रोजी हेगच्या न्यायालयाने स्पष्ट केले, की असे आदेश बंधनकारकच असतात. जाधव प्रकरणातील आदेशाला जे वजन होते ते या निकालातून आलेले आहे. लाग्रांद बंधूंना त्याचा काही उपयोग झाला नाही.

हेगचे न्यायालय राष्ट्रांचे आहे. तेथे कोणी व्यक्ती स्वतः जाऊ शकत नाही. ती सोय मानवी हक्कांच्या प्रादेशिक न्यायालयांत आहे. स्ट्रासबुर्ग येथील युरोपीय न्यायालय आपल्या नियम ३९ नुसार, एखाद्याला छळाच्या किंवा मृत्यूच्या तोंडी दुसऱ्या देशात पाठविले जात असेल तर ते तातडीने थांबवू शकते. सोरिंग या जर्मन तरुणाला इंग्लंडमधून अमेरिकेत पाठविणे असेच थांबले, आणि १९८९ च्या निकालानंतर मृत्युदंड होणार नाही अशी हमी मिळाल्यावरच तो पाठविला गेला. कोस्टारिकामधील सान होजे येथे अमेरिका खंडाचे आणि टांझानियातील अरुशा येथे आफ्रिकेचे न्यायालय आहे. दोघांनाही असे आदेश देता येतात. आशिया खंडाला मात्र असे न्यायालयच नाही. म्हणून परदेशी तुरुंगात सापडलेल्या भारतीयाचे भवितव्य, आपले सरकार त्याच्यासाठी उभे राहते की नाही यावर अवलंबून राहते. आम्हांला ही उणीव फार मोठी वाटते.

हा आदेश कोणा एका पक्षाचा मित्र नसतो, हेही लक्षात घ्यावे. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन जहाजावरील नौसैनिकांच्या गोळीबारात दोन मच्छीमार मरण पावले. त्या प्रकरणी सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २४ ऑगस्ट २०१५ रोजी भारत व इटली या दोघांनाही आपापल्या न्यायालयांतील कामकाज थांबविण्यास सांगितले. पुढे २०१६ मध्ये लवादाच्या आदेशानंतर भारतात राहिलेला दुसरा नौसैनिकही मायदेशी गेला. कोणत्याही मच्छीमार वस्तीला हे ऐकताना कडू वाटेल. पण जे संरक्षण आपण जाधव यांच्यासाठी मागितले, तेच दुसऱ्याने आपल्याविरुद्ध मागितले तर ते नाकारता येत नाही.

ख्रिस्तसभेची भूमिका याहून पुढे जाते. २ ऑगस्ट २०१८ रोजी प्रसिद्ध झालेल्या बदलानुसार कॅटेकिझमचा परिच्छेद २२६७ मृत्युदंड अस्वीकार्य मानतो, आरोपी दोषी असला तरीही. न्यायालयाचा आदेश फाशी काही काळ रोखतो. दोन्हींची गल्लत करू नये.

जाधव प्रकरणाचा निकाल १७ जुलै २०१९ रोजी लागला. १५ विरुद्ध १ मतांनी न्यायालयाने ठरविले, की पाकिस्तानने व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ चा भंग केला, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार झाला पाहिजे आणि तोवर फाशीची स्थगिती कायम राहिली पाहिजे. शिक्षा रद्द करून सुटका करावी ही भारताची मागणी मात्र मान्य झाली नाही. त्यापूर्वी, २०१७ च्या नाताळच्या दिवशी, त्यांची आई व पत्नी इस्लामाबादेत त्यांना काचेपलीकडून भेटल्या होत्या. आईला मराठीत बोलू दिले गेले नाही, असे भारत सरकारने दुसऱ्या दिवशी सांगितले. वकिलातीच्या अधिकाऱ्यांची पहिली भेट २ सप्टेंबर २०१९ रोजी झाली. फेरविचारासाठी पाकिस्तानने २०२१ मध्ये कायदाही केला. फाशी झालेली नाही. सुटकाही झालेली नाही.

कलम ३६ आपल्या घरांना परके नाही. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीकडची कितीतरी मुले आखातात आणि जहाजांवर नोकरीला आहेत. परदेशात अटक झाल्यास भारतीय वकिलातीला कळवावे अशी मागणी करण्याचा हक्क त्यांना आहे, आणि तो हक्क त्यांना विनाविलंब सांगणे हे तेथील पोलिसांचे कर्तव्य आहे. घरच्यांनी पासपोर्टची प्रत, कंपनीचे व जहाजाचे नाव आणि करारपत्र जवळ ठेवावे. बातमी कळताच परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी, आणि एजंटच्या शब्दावर विसंबून दिवस घालवू नयेत.