एअर पिस्तूल की पॉइंट टू-टू? नव्या नेमबाजाचे चार गैरसमज

मुलीने नेमबाजी शिकायचं ठरवलं, की घरात पहिला प्रश्न येतो तो पिस्तुलाचा : हवेच्या दाबावर छर्रा सोडणारं एअर पिस्तूल, की बारुदाची गोळी झाडणारं .२२ इंची, म्हणजे पॉइंट टू-टू? त्याचं उत्तर ऐकीव गोष्टींवर ठरू नये.

गैरसमज : एअर पिस्तूल म्हणजे जत्रेतलं खेळणं.

वस्तुस्थिती : १० मीटर एअर पिस्तूल हा ऑलिंपिकमधला प्रकार आहे. २०२४ साली पॅरिसमध्ये मनू भाकरने दोन्ही कांस्यपदकं यातच मिळवली. एक वैयक्तिक, दुसरं सरबज्योत सिंगच्या जोडीने. शिवाय ४.५ मिलिमीटरचा छर्रा डोळा कायमचा निकामी करू शकतो. म्हणून नळी सदैव लक्ष्याकडे आणि नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, हे नियम दोन्ही पिस्तुलांना सारखेच लागू.

गैरसमज : १० मीटरवर नेम सोपा, खरा कस २५ मीटरवर.

वस्तुस्थिती : एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे जेमतेम शर्टाच्या बटणाएवढं. त्याच प्रमाणात ते २५ मीटरवर नेलं तर सुमारे २९ मिलिमीटर भरेल. तिथे पॉइंट टू-टूच्या अचूकतेच्या फेरीतलं दहाचं वर्तुळ मात्र ५० मिलिमीटरचं असतं! त्यात छर्रा पॉइंट टू-टूच्या गोळीच्या साधारण निम्म्या वेगाने सुटतो. ट्रिगर दाबताच हात सैल सोडला, तर छर्रा नळीत असतानाच नेम हलतो. हात कुठे चुकला ते एअर पिस्तूल लगेच दाखवतं.

गैरसमज : थेट पॉइंट टू-टूने सुरुवात केली तर वेळ वाचतो.

वस्तुस्थिती : उलट वाया जातो. आवाज आणि धक्का यांच्या धास्तीने नवखा हात गोळी सुटण्याआधीच दचकतो, आणि ती सवय मोडायला फार दिवस लागतात. ४.५ मिलिमीटरच्या, २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर पिस्तुलाला आपल्याकडे परवाना लागत नाही. पॉइंट टू-टूला लागतो. गोळ्यांचा खर्चही छर्‍यांपेक्षा बराच जास्त. घरच्या सरावातही फरक पडतो. स्पर्धेच्या बहुतेक एअर पिस्तुलांत छर्रा न घालता नुसता ट्रिगर दाबून सराव करायची सोय असते. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करायची, पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं, पुढच्या साइटवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर, नजर रोखायची आणि ट्रिगर हळूहळू मागे घ्यायचा. खटका पडला तरी साइट जागची हलली नाही, तर ती खरी कमाई. पॉइंट टू-टूने असा सराव मात्र जपून. त्याच्या काडतुसात ठिणगी पाडणारं रसायन कडेत असतं, म्हणून फायरिंग पिन कडेवर आदळते. रिकाम्या नळीत ती धातूवर बसून पिस्तूल खराब होऊ शकतं.

गैरसमज : मग पॉइंट टू-टूची गरजच काय?

वस्तुस्थिती : गरज आहे, पण पुढच्या टप्प्यावर. २५ मीटरच्या जलद फेरीत लक्ष्य ३ सेकंद समोर राहतं. तेवढ्यात खाली धरलेला हात उचलून एक गोळी झाडायची, असं सलग पाच वेळा. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते याच २५ मीटर पिस्तुलात. मनूही दोन्ही प्रकार खेळते.

तेव्हा सुरुवात एअर पिस्तुलानेच करा, आणि तेही लगेच विकत न घेता. आधी क्लबचं पिस्तूल हातात धरून पाहा. मूठ आपल्या पंजात नीट बसते का, हात लांब करून वजन पेलवतं का, हे प्रशिक्षकासमोर तपासा. पांढऱ्या भिंतीसमोर साइट स्थिर राहू लागली, की पॉइंट टू-टूकडे वळायची वेळ प्रशिक्षकच सांगतील.