व्यंग आणि श्रद्धा – लेखांक चौथा : वेल्लोरच्या डॉ. मेरी व्हर्गीज

मागील लेखांकात पंडिता रमाबाईंच्या बधिरतेचा विचार करताना, इंग्लंडात वैद्यकाचे अध्ययन करण्याचा संकल्प त्यांना त्या व्याधीपायी कसा सोडावा लागला आणि तरीही त्यांचे जीवितकार्य कसे खुंटले नाही, हे आपण पाहिले. रमाबाईंचे व्यंग परक्याच्या नजरेस पडणारे नव्हते. केरळातील एका ख्रिस्ती कुटुंबात १९२५ साली जन्मलेल्या डॉ. मेरी व्हर्गीज यांचे व्यंग मात्र कोणापासूनही लपण्याजोगे नव्हते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून वैद्यकाची पदवी मिळवून त्याच रुग्णालयात त्या उमेदवारी करीत असता, १९५४ च्या आरंभी, सहकाऱ्यांसमवेत सहलीस निघालेली मोटार उलटली, गालावर कायमचा व्रण राहिला आणि पृष्ठरज्जूस इजा होऊन कमरेखालचा सर्व देह चेतनाहीन व गतिहीन झाला.

अशा प्रसंगी श्रद्धावान मनुष्याची पहिली प्रार्थना पूर्ववत् होण्याची असते, आणि ती तशी असण्यात काहीच गैर नाही. परंतु ही प्रार्थना सफल न झाल्यास आपल्याच श्रद्धेत काही खोट असावी, अगर कोणत्या तरी पापाची ही शिक्षा असावी, अशी शंका मनात शिरते. आणि आप्तेष्ट ती दूर करण्याऐवजी पुष्कळदा दृढच करतात. अपंगत्वाच्या दुःखाहून हा आरोप मला अधिक क्रूर वाटतो. ख्रिस्ती धर्मग्रंथही या प्रश्नापासून मुक्त नाहीत. लेवीय पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात अहरोनाच्या वंशातील आंधळ्या, लंगड्या वा मोडक्या हाताच्या पुरुषास वेदीपाशी अर्पण करण्यास मनाई आहे. योहानाच्या शुभवर्तमानात, जन्मांध मनुष्यास पाहून पाप याचे की याच्या आईबापांचे असे शिष्य विचारतात, तेव्हा ख्रिस्त दोन्ही पर्याय फेटाळतो आणि त्या मनुष्याच्या ठायी देवाचे कार्य प्रकट व्हावयाचे आहे, असे सांगतो. त्याच शुभवर्तमानाच्या अखेरीस पुनरुत्थित ख्रिस्ताच्या देहावरही जखमा कायमच असून, तो त्या थोमाला दाखवितो. व्यंग म्हणजे पापाचा दाखला नव्हे, या बोधास याहून सबळ आधार ख्रिस्ती मनुष्यास क्वचितच सापडेल.

हा आधार व्यवहारात कसा उतरला, हे पाहण्याजोगे आहे. वेल्लोर येथे त्या काळी डॉ. पॉल ब्रँड महारोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करीत असत. या रोगात कोपराजवळून जाणारा मज्जातंतू निकामी होतो, तळहातातील लहान स्नायू लुळे पडतात आणि बोटे आकडीसारखी आत वळतात. परंतु कोपर व मनगट यांमधील बलवान स्नायू बहुधा शाबूत असल्यामुळे, त्यांपैकी एखाद्याचा स्नायुबंध सोडवून बोटांस जोडता येतो आणि मग सरावाने हात पुन्हा कामाचा होतो. हे नाजूक काम बसून करता येते. ब्रँड यांनी नेमकी हीच वाट मेरींना दाखविली, आणि चाकांच्या खुर्चीत बसून त्या शस्त्रक्रिया करू लागल्या. मेरींच्या पायांस संवेदना नव्हती, त्यांच्या रोग्यांच्या हातांसही नव्हती. भाजले, कापले तरी न कळण्यामुळे अवयव कसा झिजत जातो, याचे ज्ञान वैद्य व रोगी या दोघांनाही स्वतःच्या देहावरून होते. समाजाने ज्यांच्या मुखाकडे पाहण्याचे टाळले, त्यांच्यासमोर व्रणांकित मुखाची डॉक्टर येऊन बसत असे, यातच त्या रोग्यांना निम्मे औषध मिळत असले पाहिजे, असे मला वाटते.

येथे एक खुलासा अवश्य आहे. प्रार्थनेने सर्व सोपे झाले, असे सुचविण्याचा माझा हेतू नाही. कमरेखाली लुळ्या पडलेल्या मनुष्यास शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांची धास्ती आमरण असते. त्याबाबत दररोजची दक्षता घ्यावी लागते, आणि अंथरुणातून खुर्चीत येणेसुद्धा विद्येप्रमाणे शिकावे लागते. मेरी ते शिकण्यासाठी ऑस्ट्रेलियात पर्थ येथे गेल्या. पुढे न्यूयॉर्क येथे डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत त्यांनी भौतिक चिकित्सा व पुनर्वसन या शास्त्राचे रीतसर अध्ययन केले आणि वेल्लोरला परतून त्या तेथील या शास्त्राच्या विभागाच्या पहिल्या प्रमुख झाल्या. श्रद्धेने त्यांना या परिश्रमांतून सूट दिली नाही; परिश्रम करण्याजोगे आपल्यापाशी अद्याप काही उरले आहे, ही खात्री दिली. गेलेले परत द्यावे ही याचना मागे पडून, उरलेले हात देवाने वापरावेत ही विनंती तिच्या जागी आली, आणि माझ्या मते त्यांच्या साऱ्या चरित्राचे मर्म या पालटात आहे.

१९६६ साली वेल्लोर येथे पुनर्वसनाची स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि १९७२ मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री दिली. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. झाडावरून वा विहिरीत पडून पाठीचा कणा मोडलेले शेतकरी व मजूर अशा संस्थेत येतात, तेव्हा रोग्यास घरी परतल्यावर उंबरा कसा ओलांडता येईल, पोट कशावर भरेल आणि कुटुंबीयांनी किती मदत करावी, याचीही तजवीज चिकित्सेतच धरावी लागते.

पुढील लेखांकात, शरीरातील काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती करूनही तो न निघालेल्या प्रेषित पौलाचा विचार करू.