काच, बादली आणि बाबा

पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला तेव्हा हप्ता वजा जाता हातात जे उरत होतं, त्यात एकच चैन बसत होती. मी निवडलं शॉवरचं काचेचं दार. आई म्हणाली, "अगं, आपण बादली-मगवाली माणसं! साधा पडदा लाव की." पण रोज सकाळी ऑफिसच्या घाईत ओल्या बाथरूममध्ये ओढणी सावरत उभं राहायचा कंटाळा आला होता हो! अंघोळीचा कोपरा ओला, बाकी सगळं कोरडं, एवढंच माझं स्वप्न होतं.

मग सुरू झाल्या दुकानांच्या चकरा. एका ठिकाणी दार निम्म्या भावात मिळत होतं. "टफन्डच आहे मॅडम, डोळे झाकून घ्या." मी डोळे उघडे ठेवले. काचेच्या कोपऱ्यात शिक्काच नव्हता. विचारलं तर म्हणे, "बसवताना मारून देऊ." मी सरळ बाहेर!

शिक्का का बघायचा?

साधी काच 600 अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि हवेच्या झोताने झटक्यात थंड करतात, की झाली टफन्ड. ताकद चार-पाच पट वाढते आणि फुटलीच तर सुऱ्यासारखे तुकडे न होता तिचे बोथट दाणे होतात. मात्र भट्टीतून निघाल्यावर ती कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. म्हणून माप घ्यायचं ते टाइल्स बसल्यावरच. शिक्का हा कारखान्याचा, दुकानदाराचा नव्हे! आपल्याकडे सेफ्टी ग्लाससाठी 'आयएस 2553, भाग 1' हे मानक आहे. तेवढं मागा.

दुसरा मुद्दा वजनाचा. दोन फूट रुंद, साडेसहा फूट उंच दार 8 एमएम काचेचं असेल तर साधारण 24 किलो भरतं आणि 10 एमएमचं 30 किलो. हा सगळा भार बिजागऱ्यांवर! तिथे कंजुषी नको, 304 ग्रेडचं स्टेनलेस स्टीलच घ्या. आणि दार बाहेरच्या बाजूला उघडायला हवं. आत कुणी पडलं तर दार आत ढकलणार कसं?

बसवायला आलेले काका जाता जाता म्हणाले, "ताई, ही काच मधे नाही फुटत, कडेला फुटते. कडेला काही आपटू देऊ नका." मी मान डोलावली आणि विसरून गेले.

नरक चतुर्दशीची पहाट

दिवाळीला आई-बाबा आले. पहाटे अभ्यंगस्नान. तेल लावलेले बाबा आणि शेजारी आईने खास गावाहून आणलेली पितळी बादली. बाबांचा पाय सटकला, बादली कलंडली आणि तिचा काठ थेट दाराच्या खालच्या कडेवर! बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. मी धावले. बाबा खाली बसलेले आणि आजूबाजूला खडीसाखरेसारखा काचेचा सडा. माझे हातपाय गार पडले.

पोटरीवर चार ओरखडे. बस्स! डॉक्टरांनी पट्टीसुद्धा लावली नाही. पण ते निम्म्या भावाचं दार घेतलं असतं तर...? आजही हा विचार आला की पोटात गोळा येतो.

नवीन दार लावलं, पण आधी भिंतीला धरायला मजबूत स्टीलची दांडी बसवली आणि आत न सरकणारी मॅट टाकली. काच आधाराला नसते, हे शहाणपण उशिरा आलं.

एवढं जरूर करा!

* आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं पाणी येतं. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे पांढरे डाग काचेवर बसतात. अंघोळीनंतर रबरी वायपर फिरवा. अर्ध्या मिनिटाचं काम!
* डाग पडलेच तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन लावा, दहा मिनिटांनी धुवा. खाली कोटा किंवा मार्बल असेल तर जपून, आंबट पदार्थ तो दगड खातात.
* टॉयलेटचं अ‍ॅसिड नको, बिजागऱ्या खराब होतात. तारेची घासणी तर नकोच, चरे पडतात.
* तेल-उटण्याचा थर डिशवॉश लिक्विड आणि मऊ कापडाने निघतो.
* दाराखालची प्लॅस्टिकची पट्टी पिवळी, कडक झाली की बदला.
* बिजागरी कुरकुरली, दार खाली घासलं, की लगेच माणूस बोलवा. पुन्हा तेच, कड!

यंदाही बाबा आले होते. पितळी बादली मात्र बाल्कनीत गेली, तिच्यात आता तुळस आहे. अंघोळ करून आले आणि म्हणाले, "दार झकास आहे गं. पण मी आपली दांडीच धरतो!"