खान्देशी शाळेचं दप्तर

खान्देशात शाळेचं वर्ष दोन पंचांगांवर चालायचं. एक शिक्षण खात्याचं, जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलमध्ये संपणारं. दुसरं शेतीचं, एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होऊन पुढच्या आखाजीला संपणारं. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदाराचं साल आखाजीला फिरायचं आणि शाळेचा निकालही त्याच सुमारास लागायचा. मुलाने पुढच्या इयत्तेत बसायचं की कोणाच्या शेतावर राहायचं, हे पुष्कळ घरांत त्याच आठवड्यात ठरायचं. त्यामुळे जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला शाळेचे दिवस आठवायला सांगितले, की तो वर्गाआधी शेताचं, नदीचं, रेल्वेचं आणि सणांचं सांगायला लागतो. या सगळ्याला वगळून त्याची शाळा सांगताच येत नाही.

या आठवणींचा आढावा घेताना एक मागणीही मांडायची आहे. आपण या आठवणी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत सांगतो, हसतो, डोळे पुसतो आणि घरी जातो. त्या लिहून ठेवल्या पाहिजेत. ऐकलेलं टिपून ठेवण्याची मोठी परंपरा खान्देशाकडे आहे, आणि शाळेच्या आठवणी तिच्यात अजून आलेल्या नाहीत.

सण आणि सहामाही

पावसाळ्यात वह्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घालून शाळा सुरू व्हायची. निम्म्या किमतीत घेतलेल्या पुस्तकांवर आधीच्या मालकाचं नाव खोडून आपलं लिहिलेलं असायचं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसायची. सुरतेला, पुण्याला गेलेले भाऊबंद तिच्या रोटांच्या प्रसादासाठी गावी परतायचे आणि सोमवारी विसर्जनाच्या दिवशी वर्ग अर्धा रिकामा असायचा. गावातलेच गुरुजी असले तर ते हजेरी घेताना कारण विचारत नसत.

भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुलींची भुलाबाई चालायची. कुठे तिला गुलाबाई म्हणतात. रोज एका घरी गाणी व्हायची आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. याच दिवसांत सहामाही परीक्षा यायची. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या बायकांना त्या सहामाहीतला एकही प्रश्न आठवत नाही, भुलाबाईची गाणी मात्र ओळीने आठवतात. जळगावात आता भुलाबाई महोत्सव भरतो आणि शाळांच्या मुली गटाने ती गाणी म्हणतात.

दिवाळीची सुट्टी म्हणजे कापूस वेचणी. किराणा उधारीवर चालणाऱ्या घरांतली मुलं सकाळी कमरेला ओटी बांधून शेतात जायची. वजनावर मिळालेल्या मजुरीतून दुसऱ्या सत्राच्या वह्या, कंपासपेटी किंवा स्वेटर यायचा. पहिली कमाई आणि पहिली कंपासपेटी एकाच सुट्टीत मिळालेली ही पिढी शिक्षणाची किंमत शब्दशः मोजून आलेली आहे.

सुट्टी संपता संपता कार्तिकी एकादशीला जळगावात श्रीरामाचा रथ निघायचा. अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केलेला हा रथोत्सव आजही चालतो. रथाला वळण देण्यासाठी चाकाखाली मोगरी लावणाऱ्या माणसाचं धाडस मुलं श्वास रोखून पाहायची आणि आपण मोठेपणी मोगरीवालाच होणार असं ठरवायची.

मग थंडी आणि भरीत. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर हिरवी वांगी भाजायची, लाकडी भांड्यात ठेचायची, मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात घालायची. सोबत कळण्याची भाकरी. शाळेचं वनभोजन याच बेताचं असे. आसोदा आणि बामणोद या गावांची वांगी तेव्हाही नावाजलेली होती. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा अनेकांना आधी आपलं वनभोजन आठवलं असेल.

मार्चपासून सकाळची शाळा सुरू व्हायची. जळगाव, भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. दुपारी रस्ते ओस पडायचे, डोक्याला ओला रुमाल आणि खिशात कांदा ठेवून मुलं घर गाठायची. शेवटी आखाजी. कडुलिंबाला झोके, माहेरी आलेल्या लेकी, गौराईची गाणी, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. निकालाची भीती त्या झोक्यांवर थोडी विरायची.

एस.टी.ने येणारा डबा

गावात चौथी, फार तर सातवीपर्यंत शाळा. पुढे हायस्कूलसाठी बाहेर पडावं लागे. सुरत-भुसावळ मार्गावरची धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार ही स्टेशनं सकाळी विद्यार्थ्यांनी भरून जात. चाळीसगाव-धुळे शाखेवरच्या गाडीत पाढे पाठ व्हायचे आणि भांडणं मिटायची. पाचोरा-जामनेर ही अरुंद रुळांची छोटी गाडी, तिला सगळे ‘पीजे’ म्हणत. तिच्या वेगाची गंमत सांगताना माणसं आजही हळवी होतात. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली आणि एका अख्ख्या पट्ट्याच्या शालेय आठवणींचा धागा तुटला.

ज्यांना रोजचं येणं-जाणं जमत नसे, ते तालुक्याला खोली करून राहत. तीन-चार मुलं, एक कंदील किंवा एक बल्ब, एक स्टोव्ह. त्यांचा डबा गावाहून एस.टी.ने यायचा. आई पहाटे भाकरी थापायची, वडील फाट्यावर उभे राहून डबा कंडक्टरच्या हाती द्यायचे, आणि मुलगा स्टँडवर जाऊन तो उतरवून घ्यायचा. डब्याच्या झाकणात कधी पैसे, कधी चिठ्ठी. गाडी चुकली, पंक्चर झाली किंवा नदीला पूर आला, तर त्या दिवशी शेंगदाणे खाऊन भागवायचं. खोलीतल्या मुलांचे डबे एकत्र उघडायचे, त्यामुळे एकमेकांच्या घरच्या चवी आणि जातीपातीच्या भिंतींतल्या फटी मुलांना फार लवकर कळायच्या. या डब्यांचा हिशेब कुठल्याही शैक्षणिक अहवालात नाही. तरी खान्देशातल्या डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापकांची एक मोठी पिढी या व्यवस्थेवर उभी राहिली. तिचे भागीदार होते पहाटे उठणारी आई, फाट्यावरचा बाप आणि नाव माहीत नसलेले कंडक्टर.

अमळनेरचं वसतिगृह

शाळेच्या आठवणींनी मराठी माणसाचं मन घडवल्याचं सर्वांत मोठं उदाहरण अमळनेरचं आहे. १९०८ साली तिथे खान्देश एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. श्रीमंत प्रतापशेठ यांच्या उदारपणातून गावात गिरणीबरोबर हायस्कूल, पुढे कॉलेज आणि १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिरही आलं. कापसाच्या पैशातून तत्त्वज्ञानाची संस्था उभी करणारं गाव ही साधी गोष्ट नव्हे.

त्या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी आलेले पांडुरंग सदाशिव साने १९२४ साली प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि १९३० साली सत्याग्रहासाठी बाहेर पडले. ही मोजकी सहा वर्षं. वसतिगृहाचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा त्यांनी मुलांच्या खोल्या झाडल्या, कपडे धुतले, आजारी मुलांजवळ रात्री जागवल्या. मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढलं, १९२८ साली ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिलं. त्यातलं बालपण कोकणातलं आहे, पण ते ऐकवायचं कसं, कुठे थांबायचं, मुलांचे डोळे कधी भरतात, हे त्यांना अमळनेरच्या मुलांनी शिकवलं, असं मला मनापासून वाटतं.

त्याच साने गुरुजींनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात आणखी एक काम केलं. विनोबा भावे दर रविवारी कैद्यांसमोर गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. त्यातून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्या हाती आलं. शिक्षकाचा हात तुरुंगातही टिपणं काढत राहिला.

शाळकरी वयातली नावं

खान्देशात शाळकरी वयातच इतिहासात गेलेली मुलंही आहेत. धरणगावात जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात उभा राहिला, तेव्हा हायस्कूलच्या वयाचा होता. अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, १९१८ साली, भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली त्याचा अंत झाला. पाठ्यपुस्तकात त्याची कविता शिकलेल्या कित्येकांची रोजची गाडी त्याच भादलीवरून जात होती.

दुसरं नाव नंदुरबारच्या शिरीषकुमार मेहताचं. ९ सप्टेंबर १९४२ रोजी विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. झेंडा हाती धरलेला शिरीषकुमार तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही शहीद झाले. नंदुरबार तेव्हा पश्चिम खान्देशात होतं. त्या भागातल्या कोणत्याही शाळेत स्वातंत्र्यदिनाचं भाषण या पाच नावांशिवाय पुरं होत नसे. आपल्याच वयाच्या मुलाचं स्मारक रोज पाहत वाढणाऱ्या मुलांचं बालपण जरा वेगळंच घडतं.

घरची बोली, शाळेची भाषा

शाळेतली सर्वांत कठीण परीक्षा वेळापत्रकात नसायची. घरी अहिराणी, लेवा गणबोली, भिल्ली किंवा पावरी, आणि वर्गात पुस्तकी मराठी. ‘कोठे जाई ऱ्हायना?’ असं सवयीने तोंडातून निघालं की वर्ग हसायचा आणि मुलगा गप्प व्हायचा. कित्येक हुशार मुलं पाचवी-सहावीची वर्षं हात वर न करता बसली. त्यांना उत्तर येत होतं, पण पुस्तकातल्या शब्दांत सांगायचं धैर्य नव्हतं.

अशाच घरच्या बोलीच्या बळावर आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी मराठीच्या थोर कवयित्री झाल्या. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. जात्यावर, शेतात, चुलीपाशी सुचलेली त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी लिहून ठेवली. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. आज उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. शाळेत शिकलेल्या मुलाने शाळा न पाहिलेल्या आईचं ऐकून लिहून घेतलं, म्हणून हे घडलं. शिक्षणाने घराचं ऋण असं फेडावं.

आठवणीत न आलेले

आढावा प्रामाणिक व्हायचा तर वर्गाच्या फोटोत नसलेल्यांचंही बोलायला हवं. सातवीनंतर ज्यांचं दप्तर काढून घेतलं आणि लग्न ठरवलं, त्या मुली. ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापांबरोबर दिवाळीनंतर वर्ग सोडून जाणारी चाळीसगाव, पारोळा पट्ट्यातली मुलं. सातपुड्याच्या कुशीतल्या आश्रमशाळांत घरापासून दूर राहिलेली आदिवासी मुलं. १९७२ च्या दुष्काळात शाळेत मिळणाऱ्या सुकडीसाठीच पटावर टिकलेली मुलं. त्यांच्याकडे मेळाव्याचं निमंत्रण जात नाही, कारण दहावीच्या यादीत त्यांचं नाव नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मात्र ते आहे, आणि त्यापुढे शाळा सोडल्याचं कारणही एका ओळीत आहे. ती एक ओळ पुष्कळदा अख्ख्या बालपणाची कहाणी सांगते.

आता काय करायचं

इतिहासाचार्य राजवाडे कागदपत्रांसाठी गावोगाव पायी फिरले. लोकांच्या माळ्यावर कुजत पडलेली दप्तरं त्यांनी वाचवली. १९२६ च्या ३१ डिसेंबरला ते धुळ्यात वारले आणि १९२७ मध्ये तिथेच राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. मराठ्यांच्या इतिहासाची साधनं ज्या शहराने जपली, त्या शहराला आणि त्याच्या शेजारी जिल्ह्यांना आपल्या शाळांची साधनं जपणं अवघड नाही.

कामं साधी आहेत. प्रत्येक जुन्या शाळेने आपली जनरल रजिस्टरं, हस्तलिखित अंक, स्नेहसंमेलनाचे कार्यक्रम आणि वर्गाचे फोटो स्कॅन करून ठेवावेत. हयात असलेल्या ज्येष्ठ शिक्षकांचं बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावं. फोटोंतल्या माणसांची नावं मागे लिहावीत, कारण ती सांगणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत. भुलाबाईची, आखाजीची गाणी आई-आजीकडून त्यांच्याच बोलीत, एकही शब्द न सुधारता उतरवून घ्यावीत. मध्येच शाळा सोडलेल्या वर्गमित्र-मैत्रिणींना शोधून त्यांचीही आठवण घ्यावी. १८७७ पासून चालत आलेलं जळगावचं व. वा. वाचनालय, धुळ्याचं राजवाडे मंडळ आणि विद्यापीठ यांनी या साहित्याला एक कपाट आणि एक सूची दिली, तरी पुष्कळ होईल.

मेळाव्यासाठी मंडप, जेवण आणि टी-शर्ट यांवर आनंदाने वर्गणी काढणाऱ्या बॅचेसनी तिचा थोडा भाग या कामासाठी राखून ठेवावा. ज्या आठवणी आपण आपल्या म्हणून मिरवतो, त्या घडवायला गिरणीमालकाचा पैसा लागला, गुरुजींची रात्र लागली, आईची पहाट लागली. त्यांच्या कष्टांची नोंद होण्याआधी सांगणारी पिढी निघून गेली, तर पुढच्या मुलांना खान्देशची शाळा कशी उभी राहिली हे कोणी सांगू शकणार नाही. म्हणून यंदाच्या सुट्टीत वही घेऊन घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाजवळ बसा आणि त्यांची शाळा कुठली, हा पहिला प्रश्न विचारा.