मुर्रीच्या मातीतली चढाई आणि मॅटवरचा सामना

धान कापून झालं की गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीसारख्या गावांत मोकळ्या जागेवर फक्कीच्या रेषा पडतात आणि संध्याकाळची कबड्डी रंगते. रोज चार-चार गडी मारून येणारा एखादा पोरगा स्पर्धेत पहिल्याच चढाईला पकडला गेला, की गाव निकाल देऊन मोकळं होतं: ‘त्याचं काळीज कच्चं.’

हा निकाल बहुतेक वेळा त्या पोरावर अन्याय करणारा असतो. सरावात समोरचे सातही जण त्याच्या रोजच्या ओळखीचे. उजवा कोपरा घोट्यावर कधी झेपावतो, कुणाचा गुडघा दुखरा आहे, सगळं त्याला पाठ. सामन्यात साखळी अनोळखी. चढाईला 30 सेकंद, आणि दोन चढाया कोऱ्या गेल्या तर तिसरीत गुण आणायचा, नाहीतर बाहेर बसायचं. त्यात पायाखाली मॅट. मातीत अनवाणी गर्रकन वळणारा पाय बुटात तसा वळत नाही. काळीज तेच असतं, खेळ बदललेला असतो.

कुस्तीचंच पाहा: कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव लाल मातीत घडले आणि 1948 मध्ये लंडनच्या ऑलिंपिकमध्ये मॅटवर लढले. सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनीच कांस्यपदक जिंकलं. पहिल्या वेळी त्यांच्यात धमक नव्हती, असं कोण म्हणेल?

दुसरा गैरसमज अधिक खोलवर रुजलेला आहे: सराव सफाईदार झाला, म्हणजे खेळ अंगात मुरला. 1986 मध्ये गुड आणि मॅगिल या अमेरिकी संशोधकांनी बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिस मुलींना शिकवल्या. एका गटाने एकेक प्रकार घोटून घेतला, दुसऱ्याने तिन्ही उलटसुलट केले. नंतरच्या चाचणीत, विशेषतः कोर्टाची बाजू बदलल्यावर, उलटसुलट सराव केलेला गट पुढे होता. सरावात अडखळणं म्हणजे खेळ बिघडणं नव्हे. कबड्डीतही सलग वीस वेळा हाताचाच स्पर्श घोटण्यापेक्षा हात, पाय, बोनस असं मिसळून, दर वेळी समोरचे गडी बदलून केलेली चढाई जास्त शिकवते.

आणि गर्दीपुढे सगळेच ढेपाळतात का? नाही. 1982 च्या एका अमेरिकी अभ्यासात पूल खेळणाऱ्यांजवळ चार जण पाहत उभे राहिले. चांगल्या खेळाडूंचे अचूक फटके 71 वरून 80 टक्क्यांवर गेले, कच्च्यांचे 36 वरून 25 वर घसरले. मुरलेलं कौशल्य बघ्यांपुढे खुलतं, अर्धवट शिकलेलं डळमळतं.

बघ्यांची सवयही लावता येते. बायलॉक आणि कार यांच्या 2001 च्या प्रयोगात काहींनी गोल्फचा सराव कॅमेऱ्यासमोर केला. पुढे दडपण आल्यावर त्यांचा खेळ घसरला नाही. मुर्रीच्या मैदानाकडेला कॅमेऱ्याचा मोबाइल कुणा ना कुणाच्या हातात असतोच.