कृतज्ञता : सत्त्वसाराचे एक विस्मृत लक्षण



चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात सारपरीक्षा आली आहे. त्वक्सारापासून शुक्रसारापर्यंतची लक्षणे पाठ करून झाल्यावर आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत आठव्या सत्त्वसाराची लक्षणेही पाठ केली होती. स्मृतिमान, भक्तिमान, कृतज्ञ, प्राज्ञ, शुची अशी ती मालिका आहे. परीक्षेपुरते हे शब्द ओठांवर राहिले आणि पुढे व्यवसायाच्या धावपळीत मागे पडले. यांपैकी ‘कृतज्ञ’ हा शब्द प्रस्तुत लेखकाने पदवीनंतर सुमारे वीस वर्षांनी पुन्हा लक्षपूर्वक वाचला. त्याला निमित्त झाले ते एका पावसाळी दिवसाचे. तो दिवस सांगण्यात थोडा संकोच वाटतो, कारण त्यातील चूक माझी स्वतःची आहे. तथापि समव्यावसायिकांपुढे ती मांडणे उपयोगाचे ठरेल असे वाटते.

एक पावसाळी दिवस

माझे वास्तव्य पालघरला आणि दवाखाना बोईसरला आहे. मध्ये उमरोळी हे एकच स्थानक. माझ्याकडे गेली अकरा वर्षे औषधे देण्याचे काम करणाऱ्या ताई उमरोळीहून येतात. जुलै महिन्यातील ती सकाळ संततधार पावसाची होती. चिल्हार फाट्याकडून आलेल्या टेम्पोतून औषधांची खोकी उतरली, तेव्हा त्यांतील दोन भिजलेली निघाली. त्रिफळा आणि अविपत्तिकर चूर्णाची पाकिटे ओलावली होती. दूरध्वनीवरून विक्रेत्याने माल परत घेण्यास नकार दिला. रुळांवर पाणी आल्याने गाड्या रखडल्या होत्या आणि ताई पाऊण तास उशिरा पोहोचल्या. मी बसलेल्या रुग्णांच्या देखत त्यांना चार शब्द सुनावले. त्या काही बोलल्या नाहीत, छत्री कोपऱ्यात ठेवून कामाला लागल्या. थोड्या वेळाने एका जुन्या संधिवाताच्या रुग्णाचा निरोप आला की गुण नाही, आता दुसरीकडे दाखवतो. त्याची तीन महिन्यांची बाकी होती. त्यातच वीज गेली. ज्या तारापूरला १९६९ सालापासून अणुवीज तयार होते, त्याच्या शेजारच्या गावात मी बॅटरीच्या उजेडात जिव्हापरीक्षण करीत होतो.

दुपारी एक तरुण विवाहिता आली. औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात पॅकिंगचे काम करणारी. भूक नाही, पोट फुगते, मलावरोध अशा तक्रारी. मी नाडी पाहिली, उदरपरीक्षण केले, आणि प्रश्न विचारत असतानाच विक्रेत्याचा दूरध्वनी पुन्हा आला. पाच मिनिटे वाद झाला. रुग्णेकडे वळलो तेव्हा डोक्यात चूर्णच होते. चिठ्ठीवर कुमार्यासव लिहिले आणि पुढच्या रुग्णाला बोलावले.

क्षणभरात ताई आत आल्या. हातात बाटली होती. हळू आवाजात म्हणाल्या, “डॉक्टर, बाईंची पाळी दीड महिना झाला आलेली नाही. बाहेर मला सहज बोलल्या. हे द्यायचं का?”

गर्भिणीस कुमारी वर्ज्य, हे पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. रुग्णेला परत बोलावले. मूत्रपरीक्षणात गर्भधारणा असल्याचे दिसले. औषध बदलले, आहार सांगितला आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नोंदणी करण्यास सांगितले. त्या बाईंना यातील काहीच कळले नाही. त्या आनंदात घरी गेल्या.

हिशेबात नसलेली जमा

रात्री परतताना गाडीत दिवसाचा हिशेब मांडला. भिजलेले चूर्ण फार तर दोन हजार रुपयांचे होते. ताईंचा उशीर, गेलेला रुग्ण, बुडालेली बाकी, गेलेली वीज ही सगळी नावे बाजू मी दिवसभर मनात घोळवत होतो. ज्या एका गोष्टीने एका स्त्रीचे संभाव्य अहित आणि माझे नाव दोन्ही वाचले, ती मात्र कोणत्याच रकान्यात नव्हती. ती गोष्ट जिने केली, तिलाच मी सकाळी बोललो होतो.

चरकाचार्यांनी धी, धृती आणि स्मृती यांच्या भ्रंशातून घडणाऱ्या कर्मास प्रज्ञापराध म्हटले आहे. त्या दुपारी धृती ढळली ती रागाने, आणि विक्रेत्याशी वाद घालताना स्मृतीही गेली. रजोदर्शनाचा इतिहास विचारण्याची माझी नित्याची सवय एका दूरध्वनीने पुसली गेली. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात मूत्रपुरीषादी वेग धारण करू नयेत असे सांगतानाच लोभ, शोक, भय, क्रोध, ईर्ष्या इत्यादी मनोवेग मात्र धारण करावेत असे सांगितले आहे. आपण पहिला अर्धा भाग रुग्णांना रोज सांगतो. दुसरा बहुधा स्वतःलाही सांगत नाही.

‘कृतज्ञ’ म्हणजे केलेले जाणणारा. उपकाराच्या भाराने वाकणे हा त्याचा मूळ अर्थ नव्हे. कोणी काय केले याची जाण टिकवणे एवढाच तो अर्थ आहे, आणि म्हणून कृतज्ञता हा भावनेपेक्षाही स्मृतीचा विषय आहे. सत्त्वसाराच्या लक्षणांत स्मृतिमान हा शब्द आधी आणि कृतज्ञ हा त्यानंतर येतो, याची संगती मला त्या रात्री लागली. ताईंची अकरा वर्षे मी पाऊण तासाच्या उशिरात विसरलो होतो. सिद्धिस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात पंचकर्मास अयोग्य व्यक्तींच्या गणनेत कृतघ्नाचाही समावेश आहे. ते वाचताना आपल्या नजरेसमोर नेहमी रुग्ण असतो. ती नजर एकदा स्वतःकडे वळवून पाहावी.

चार पाय

सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी असे चिकित्सेचे चतुष्पाद वर्णिले आहेत. वैद्य त्यांत प्रमुख मानला आहे, पण तो चारांपैकी एक आहे. दिवस वाईट गेला असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा एका पायाला ठेच लागलेली असते आणि उरलेल्या तिघांकडे लक्ष नसते.

द्रव्याचा विचार औषधविक्रेत्या बंधूंनी विशेष करावा. शार्ङ्गधराने चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनंतर उणावते असे म्हटले आहे. म्हणजे हाती आलेले प्रत्येक वीर्यवान चूर्ण हे वेळेवर तोडणाऱ्या, वाळवणाऱ्या, कुटणाऱ्या आणि पोहोचवणाऱ्या अनेक हातांचे फळ आहे. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत वनौषधी गोळा करणारा आदिवासी बांधव आपल्या बिलावर कोठेही नसतो. उपस्थात्याच्या गुणांत उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता सांगितली आहे. ताईंनी त्या दिवशी पहिले तिन्ही गुण एका वाक्यात दाखवले. आणि रोग्याच्या गुणांतील ज्ञापकत्व, म्हणजे आपली व्यथा नीट सांगणे, हे त्या बाईंनी केलेच होते. माझ्यापाशी नाही, तर ज्या व्यक्तीला ऐकायला सवड होती तिच्यापाशी.

त्याच अध्यायात वैद्यवृत्ती चतुर्विध सांगितली आहे : मैत्री, कारुण्य, साध्य रोगाविषयी प्रीती आणि उपेक्षा. मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड. येथे मात्र, जेथे उपाय उरला नाही तेथे मनाची तटस्थता, असा भाव आहे. जे साधते त्यात रस घ्यावा आणि जे हातचे गेले ते सोडावे, ही शिकवण असाध्य व्याधीइतकीच भिजलेल्या खोक्यालाही लागू पडते.

एक सावधगिरी

कृतज्ञता म्हणजे अन्याय वा आजार गुपचूप सोसणे नव्हे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सर्वांत वरच्या स्थानी होते. तेथील रसायनांनी हाताची त्वचा फुटलेल्या कामगाराला ‘नोकरी आहे हे भाग्य माना’ असे सांगणे ही सत्त्वावजय चिकित्सा होत नाही. त्याला प्रथम निदानपरिवर्जन हवे, हातमोजे हवेत, प्रसंगी कामाच्या जागेत बदल हवा. कृतज्ञतेचा उपदेश दुसऱ्याला करण्यापूर्वी तिचे अनुपान स्वतः घ्यावे.

आधुनिक मानसशास्त्रानेही हा विषय तपासला आहे. अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स व मायकेल मॅकलो यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काहींना ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा गोष्टी, तर काहींना त्रासाच्या गोष्टी नियमित लिहिण्यास सांगितले होते. पहिल्या गटाचे आपल्या जीवनाविषयीचे समाधान अधिक आढळले. यात चमत्कार काही नाही. जे लिहिले जाते ते स्मृतीत राहते, इतकेच.

तेव्हापासून दवाखाना बंद करताना रुग्णनोंदवहीच्या शेवटच्या पानावर मी चार ओळी लिहितो. आज औषधाने काय साधले, उपस्थात्याने काय सांभाळले, रुग्णाने काय शिकवले, आणि मी स्वतः कोठे चुकलो. दोन मिनिटे लागतात. काही दिवशी एखादी ओळ रिकामी राहते, पण चारही रिकाम्या राहिल्या असा दिवस अद्याप आलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्ण बसलेले असतानाच मी ताईंची क्षमा मागितली, आणि आदल्या दिवशी त्यांनी माझी चूक सावरली हेही त्यांच्या देखत सांगितले. जे रुग्णांसमोर बोललो होतो, ते रुग्णांसमोरच फेडणे योग्य होते. ताई संकोचल्या. कुपीवरची धूळ पुसत एवढेच म्हणाल्या, “अहो डॉक्टर, गाडी खरंच उशिरा होती.”

भिजलेली चूर्णे मी टाकून दिली. आपल्या दुकानांत आणि दवाखान्यांतही अशा ताई, अशी पोरे, असे जुने नोकर असतील. आज कुलूप लावण्यापूर्वी त्यांपैकी एकाचे केलेले एक काम आठवून त्याला ते सांगावे, एवढीच विनंती. अस्तु.