लग्न झालं, कामाचं काय?

थाई लग्नात नवरदेवाची वरात वधूच्या दाराशी आली की नातेवाईक सोन्या-चांदीच्या साखळ्या आडव्या धरून वाट अडवतात. हातावर पाकिटं ठेवल्याशिवाय साखळी सुटत नाही. मग भिक्खूंचं मंत्रपठण होतं आणि एकाच दोऱ्याने जोडलेली वर्तुळं दोघांच्या डोक्यावर ठेवतात. वडीलधारे शंखातून त्यांच्या हातांवर पाणी सोडतात. मराठी माणसाला हे सगळं ओळखीचं वाटेल, पण देण्याघेण्याची दिशा मात्र उलटी आहे. तिथे नवरा मुलीच्या आईवडिलांना 'सिन सोत' देतो. रोख रक्कम आणि सोनं पाहुण्यांसमोर मांडून ठेवतात. किती द्यायचं हे आधीच ठरतं, आणि काही घरांत ते लग्नानंतर जोडप्याला परतही मिळतं.

कायद्याच्या लेखी मात्र एवढ्याने लग्न होत नाही. त्यासाठी 'अम्फो' म्हणजे जिल्हा कार्यालयात नोंदणी करावी लागते. परदेशी जोडीदार आधी आपल्या दूतावासाकडून लग्नाला अडसर नसल्याचा दाखला घेतो, त्याचं थाई भाषांतर करून घेतो आणि त्यावर थाई परराष्ट्र खात्याचा शिक्का मिळवतो. कागद पूर्ण असले की नोंदणीला वेळ लागत नाही. 23 जानेवारी 2025 पासून समलिंगी जोडप्यांनाही ही नोंदणी खुली झाली. आग्नेय आशियात असा कायदा लागू करणारा थायलंड पहिला देश.

खरी परीक्षा पुढे असते. थाई बायको असलेल्या परदेशी नवऱ्याला वर्षभराचा मुक्काम हवा असेल, तर स्वतःच्या नावावर थाई बँकेत 4 लाख बाट किंवा महिना 40 हजार बाट उत्पन्न दाखवावं लागतं. बँकेतली रक्कम अर्जाआधी दोन महिने खात्यात पडून असावी लागते. मुदतवाढ दरवर्षी नव्याने मागायची आणि दर 90 दिवसांनी आपला पत्ता कळवायचा. घटस्फोट झाला, तर या मुक्कामाचा आधारच जातो.

आणि राहण्याची परवानगी म्हणजे काम करण्याची परवानगी नव्हे. अनेकांची गल्लत इथेच होते. कामाचा परवाना वेगळा असतो आणि तो ठरावीक नोकरीशी बांधलेला असतो. परवान्याशिवाय काम करताना सापडल्यास 5 हजार ते 50 हजार बाट दंड आणि देशाबाहेर रवानगी होऊ शकते. परवाना असला तरी सगळी कामं मोकळी नसतात. केस कापणं, पर्यटकांना शहर दाखवणं, थाई मसाज, दुकानात माल विकणं ही कामं थाई नागरिकांसाठी राखीव आहेत. बायकोचं दुकान असलं तरी नवऱ्याने गल्ल्यावर बसून विक्री सांभाळणं त्यामुळे जोखमीचं ठरतं. कामगारांचं हित जपणारा नियम म्हणून हे समजण्यासारखं आहे, पण सासरी जाऊन हातावर हात धरून बसावं लागणाऱ्या माणसाची घालमेलही तितकीच खरी आहे.

मग काम मिळतं कुठे? शाळांमध्ये इंग्रजी शिकवणं हा रुळलेला मार्ग. त्यासाठी पदवी लागते, आणि भारतीयांकडे बहुतेकदा इंग्रजी परीक्षेचे गुणही मागतात. बँकॉकमध्ये भारतीयांच्या जुन्या पेठाही आहेत: पाहुरतचा कापड बाजार आणि सिलोम परिसरातला रत्नांचा व्यापार. आदित्य बिर्ला समूह 1969 पासून थायलंडमध्ये आहे. ईशान्येकडच्या इसान भागातल्या अनेक मुलींनी परदेशी नवरे केले आहेत, पण तिथल्या भातशेतीच्या गावात परदेशी माणसाला नोकरी मिळणं कठीण. सासर गावात आणि पगार बँकॉकमध्ये, अशी ओढाताण मग घरात येते. या प्रश्नाचं उत्तर साखरपुड्याआधीच शोधायला हवं.

जमिनीचंही तसंच. परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही. बायकोच्या नावावर घेताना पैसा तिचा एकटीचा असल्याचं नवऱ्याला लिहून द्यावं लागतं. सदनिका मात्र तो स्वतःच्या नावावर घेऊ शकतो, इमारतीतल्या परदेशी मालकीची 49 टक्क्यांची मर्यादा पाळून.

थाई पुरुषाशी लग्न करणाऱ्या परदेशी बाईला मुक्कामासाठी 4 लाख बाटची अट नाही आणि नागरिकत्वाची वाटही तिला सोपी आहे. हा भेद आज पटण्याजोगा नाही. जोडप्याने भारतात संसार थाटायचं ठरवलं, तर नोंदणीकृत लग्नाला दोन वर्षं झाल्यावर थाई जोडीदार ओसीआय म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्डासाठी अर्ज करू शकतो. ते मिळालं की खासगी नोकरीसाठी त्याला रोजगाराचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही.